पत्ता कुणाच्या खिशात?

सुटी जवळ आली की आमच्या शाळेत शिक्षिकांच्या खोलीत एकच विषय असतो : यंदा कुठे? आणि निम्म्याअधिक जणींचं उत्तर ठरलेलं, "मुंबईला, नणंदेकडे", नाही तर "भावाकडे". आम्हा नांदगावकरांना आगगाडीचं काही अप्रूप नाही. एके काळी वेरूळची लेणी बघायला निघालेले लोक मुंबईहून आमच्याच स्टेशनावर उतरत आणि पुढे टांग्याने जात. पण मुंबईला निघताना आपण बायका काय करतो? दशम्या-चटणी बांधतो, मुलांचे कपडे भरतो, सासूबाईंच्या गोळ्या आठवणीने घेतो आणि स्टेशनावर 'ह्यां'च्या मागून चालू लागतो. कुठे जायचं, कसं जायचं, ते 'ह्यां'ना ठाऊक!

मीही तशीच चालत होते. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते.

दिवाळीच्या सुटीत आम्ही डोंबिवलीला वन्संकडे उतरलो होतो. ह्यांनी एका कागदावर आठ ठिकाणं लिहून काढली आणि दोन दिवसांत सगळी करायची ठरवली. पहिल्या दिवशी सकाळी गेटवे, तिथून भायखळ्याला राणीची बाग. बागेच्या दाराशी पोचलो, तर दार बंद! त्या दिवशी बुधवार होता आणि बुधवारी बाग बंद असते. मुलांचे चेहरे एवढेसे झाले. मग सिद्धिविनायक, तिथली रांग, आणि संध्याकाळी साडेसहाला आम्ही दादरच्या फलाटावर. सासूबाईंचे गुडघे बोलायला लागले होते.

गाडी आली. हे मुलाचा हात धरून चढले आणि वळून "चला, चला" म्हणाले. मी सासूबाईंना पुढे करते आहे, मुलगी माझ्या पदराला, तोवर मागच्या रेट्याने आम्ही तिघी बाजूला फेकल्या गेलो. गाडी सुटलीसुद्धा.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, फोन कर ना त्याला!" माझा फोन मुलाच्या हातात होता, खेळायला घेतलेला. ह्यांचा नंबर? मुळीच आठवेना. वन्संचा पत्ता? त्यांनी नुकतीच नवी जागा घेतली होती. डोंबिवली पूर्व एवढंच ठाऊक. इमारतीचं नाव ह्यांच्या डायरीत आणि डायरी ह्यांच्या खिशात. मुलांना भूगोल शिकवणारी मी बी.ए. झालेली बाई, आणि रात्री मुक्कामाला कुठे जायचं हे मला सांगता येईना. मैत्रिणींनो, त्या गर्दीत मला भीतीपेक्षा लाज जास्त वाटली.

शेजारी उभ्या असलेल्या एका नोकरदार बाईंनी आपला फोन पुढे केला. मला पाठ असलेला एकच नंबर होता, माझा स्वतःचा! तोच लावला. दोनदा नुसता वाजला, तिसऱ्यांदा मुलाने उचलला. त्या बाईंनी ह्यांना सांगितलं, "पुढच्या स्टेशनवर उतरा आणि परत या. ह्या इथून हलणार नाहीत." पाऊण तासाने हे परत आले. सासूबाई बाकावर बसून जप करत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "सूनबाई, पुढच्या वेळी पत्ता तुझ्याकडेही असू दे."

तेव्हापासून आमच्या घरी मुंबईची आखणी मी करते. ह्यांना वाईट वाटलं नाही, उलट ओझं हलकं झालं असं ते म्हणतात. ही आखणी कशी करते, ते आज सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे ठिकाणांची यादी करू नका, दिशा ठरवा. नकाशा उघडून बघा. मुंबई उभी, लांबट आहे. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून, मध्य रेल्वे सीएसएमटीहून, दोन्ही उत्तरेकडे जातात. हार्बरही सीएसएमटीहूनच निघते. या उभ्या दोऱ्यांवरून जाणं सोपं. वेळ आणि पैसा जातो तो एका दोऱ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारण्यात. म्हणून एका दिवसाला एकच दोरा. बसेल तितकंच बघायचं, उरलेलं पुढच्या सुटीला. मुंबई कुठे पळून जात नाही!

आमचा पहिला दिवस दक्षिणेचा. सीएसएमटीला उतरलात की लगेच बाहेर धावू नका. 1888 साली पुरी झालेली ही इमारत 2004 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. समोरच्या बाजूने नीट बघा, मुलांना दाखवा. तिथून सरळ चालत हुतात्मा चौक, पुढे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि मग गेटवे. सगळं मिळून दोन-सव्वादोन किलोमीटर. गुडघेदुखीचं माणूस बरोबर असेल तर सरळ टॅक्सी करा. रिक्षा शोधू नका, वांद्रे-शीवच्या दक्षिणेला रिक्षा नाहीतच. उन्हाची वेळ संग्रहालयात घालवावी. सावली, बसायला जागा आणि स्वच्छतागृह, तिन्हींची सोय होते. आपल्याला हे शेवटचं किती महत्त्वाचं असतं ते मी सांगायला नको.

दुसरा दिवस मुलांचा. घारापुरीची लेणी बघायची असतील तर सोमवार टाळा, त्या दिवशी ती बंद असतात. गेटवेहून लाँचने तासाभराचा प्रवास आहे आणि वर जायला शंभराच्या वर पायऱ्या. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद ठेवतात, तेव्हा हा बेत हिवाळ्याचाच. एवढं झेपणार नसेल तर राणीची बाग, अर्थात बुधवार सोडून! तिथले पेंग्विन बघून आमचा मुलगा अर्धा तास हलला नव्हता.

तिसरा दिवस देवदर्शनाचा. यात आता मोठी सोय झाली आहे. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर 2025 मध्ये पुरती सुरू झाली. दादर, सिद्धिविनायक, वरळी, सायन्स सेंटर, गिरगाव, सीएसएमटी ही सगळी तिचीच स्थानकं. गेल्या नाताळच्या सुटीत आम्ही दादरला मेट्रो धरली, सकाळी सिद्धिविनायक केला, दुपारी मुलांना नेहरू विज्ञान केंद्र दाखवलं आणि परत दादरला येऊन साड्या बघितल्या. एकाच दोऱ्यावर तिघांचीही हौस झाली. मंगळवार मात्र टाळा, रांग फार असते. आणि एक ध्यानात ठेवा, महालक्ष्मी स्थानक आणि महालक्ष्मीचं देऊळ लागून नाहीत. उतरून टॅक्सी करावी लागते.

आता लोकलविषयी. सकाळी आठ ते अकरा मुंबईच्या दिशेने आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ उलट दिशेने गर्दी असते. आपण सहलीला आलेलो. आपल्याला मस्टरवर सही करायची नाही. अकरानंतर निघा आणि चारच्या सुमारास परत फिरा, किंवा जेवूनखाऊन नऊनंतर. परतताना शक्यतो सीएसएमटीहून सुटणारी गाडी धरा, म्हणजे बसायला जागा मिळते. इंडिकेटरवर शेवटचं स्टेशन, स्लो की फास्ट आणि फलाट, तिन्ही वाचा. वातानुकूलित लोकलला साधं तिकीट चालत नाही. दोन-तीन दिवस फिरायचं असेल तर तिकीट खिडकीवर टूरिस्ट तिकीट मागा, एक, तीन आणि पाच दिवसांचं मिळतं. दादरला फलाटांच्या आकड्यांचा पूर्वी घोटाळा व्हायचा, कारण पश्चिम आणि मध्य दोन्हींकडे एक नंबर होता. डिसेंबर 2023 पासून सगळे फलाट सलग एक ते चौदा झाले आहेत.

चढण्याचा आमचा नियम असा : आधी म्हातारी माणसं, मग मुलं, सर्वांत शेवटी धडधाकट मोठं माणूस. उतरतानाही एक मोठं माणूस मागे राहील. आणि चुकामूक झालीच, तर फलाटावरच्याने जागा सोडायची नाही. गाडीतल्याने पुढच्या स्टेशनवर उतरून परत यायचं. हे घरीच मुलांकडून दोनदा वदवून घ्या. रेल्वेचा मदतीचा नंबर 139, तोही पाठ करवा.

जातानाचं एक सांगते. नांदगावला थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच, म्हणून आम्ही बहुधा मनमाड गाठून पहाटेची पंचवटी धरतो. डोंबिवली, ठाण्याला उतरणाऱ्यांनी मुंबईपर्यंत जाऊन उलटं येऊ नये. कल्याणला किंवा ठाण्याला उतरून लोकल धरावी. एस.टी.ने जात असाल तर मार्च 2023 पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढच्या सासू-सासऱ्यांना तिकीटच नाही. वयाचा पुरावा तेवढा जवळ ठेवा.

आता सर्वांत महत्त्वाचं. निघण्याच्या आदल्या रात्री, डबे भरून झाले की, पाच मिनिटं बसा आणि कागदाच्या चिठ्ठ्या लिहा. जिथे उतरणार तिथला पुरता पत्ता, जवळचं स्टेशन, पूर्व की पश्चिम, आणि तीन फोन नंबर. एक चिठ्ठी आपल्या पर्समध्ये, एक सासूबाईंच्या बटव्यात, एकेक मुलांच्या खिशात. "फोनमध्ये आहे की सगळं!" म्हणू नका. फोन हरवतो, बॅटरी संपते, मुलाच्या हातात राहून जातो. पैसेही एकाच पाकिटात नकोत, थोडे तुमच्याकडे असू द्या.

आणि यात 'ह्यां'च्यावर अविश्वास अजिबात नाही, हो! संसारात दोघांनाही वाट ठाऊक असली, तर एक चुकला तरी दुसरा घरी पोचवतो. आमच्या सासूबाईंनी त्या दिवशीची गोष्ट वाड्यात सगळ्यांना सांगितली आहे. पण गेल्या नाताळात, निघायच्या आधी, त्यांनी बटव्यातली चिठ्ठी काढून मला दाखवली आणि म्हणाल्या, "आता मला कुठेही सोड, मी पोचते बघ!"

तेव्हा मैत्रिणींनो, या सुटीत आखणी तुम्ही करा. वहीचं एक पान पुरे. आणि परत आल्यावर तुमचा बेत कसा जमला, ते मला नक्की कळवा.