स्वस्त दिव्याचा हिशेब

अणुवीज तेवढी स्वस्त व खात्रीची, सूर्याची वीज ही केवळ हौस, असे मत आमच्या नल्लकुंट्यातील सुशिक्षित मंडळींत वारंवार ऐकू येते. हे मत आम्हांस मान्य नाही.

तारापूरच्या केंद्राने 1969 पासून दीर्घकाळ स्वस्त वीज दिली, हे निर्विवाद आहे. परंतु जुन्या केंद्राच्या दरावरून नव्याचा अंदाज बांधणे म्हणजे आजोबांच्या वाड्याच्या किमतीत आज घर मागणे होय. जैतापुरास योजलेल्या जातीची अणुभट्टी फ्रान्समध्ये फ्लामांव्हिल येथे 2007 साली बांधावयास घेतली. 3.3 अब्ज यूरोंचा अंदाज 13 अब्जांवर गेला आणि 2012 ऐवजी 2024 च्या डिसेंबरात तिची वीज प्रथम बाहेर पडली. उलट राजस्थानात भडला येथील लिलावात सौर विजेचा दर 2017 सालीच युनिटास 2 रुपये 44 पैशांवर आला.

रात्री सूर्य कोठे असतो, असे विचारतात. प्रश्न रास्त आहे. साठवणीचा खर्च हिशेबात धरलाच पाहिजे. पण श्रीशैलच्या धरणावर डाव्या तीरास जे 900 मेगावॅटचे केंद्र आहे, त्याची यंत्रे पाणी पुन्हा वर चढविता यावे अशाच बेताने बसविलेली आहेत. दिवसाचे तेज रात्रीसाठी राखण्याची विद्या आपल्या कृष्णाकाठीच आहे.

शिवाय खर्च केवळ पैशाचा नसतो. मल्लिकार्जुनाच्या श्रीशैलापलीकडे, कृष्णेच्या उत्तर तीरावर अमराबादचे अरण्य आहे. तेथे युरेनियम शोधण्याचे घाटत होते, तेव्हा चेंचू वनवासींसह लोक विरोधास उभे राहिले. सप्टेंबर 2019 मध्ये तेलंगण विधानसभेनेही विरोधाचा ठराव केला. हैदराबादच्या नळांना कृष्णेचेच पाणी येते, हे आम्ही विसरावे काय? कोकणात तर 18 एप्रिल 2011 रोजी, जैतापूर प्रकल्पाच्या विरोधात साखरी नाटे येथे लोक जमले असता, पोलिसांच्या गोळीने एक मनुष्य प्राणास मुकला. हा आकडा कोणत्या बिलात मांडावयाचा?

शिर्डीच्या प्रसादालयात 2009 पासून सूर्याच्या उष्णतेने वाफ करून अन्न शिजविण्याची सोय झाली. रोज सूर्यास अर्घ्य देणाऱ्या समाजाने एवढे तरी अनुकरण करावे. देवस्थानांच्या विश्वस्तांनी येत्या वार्षिक सभेपुढे गच्चीवरील सौर पाट्यांचे अंदाजपत्रक ठेवावे, अशी आमची आग्रहाची मागणी आहे. देवापुढील दिव्यासाठी दुसऱ्याच्या अंगणात अंधार पडू नये.