गॅरेजच्या दारातून : घूंऽघूं येतंय कुठून?

दोस्तांनो, आज वाचायच्या आधी एक काम करा. सायकल सीट आणि हँडलवर उलटी उभी करा, पुढचं चाक जोरात फिरवा आणि दोन बोटं चिमट्यावर हलकेच टेकवा. (मागचं चाक नको. फ्रीव्हीलची टकटक मध्येच गोंधळ घालते.) हब ठीक असेल तर फारसं काही जाणवणार नाही. पण आतलं ग्रीस वाळलं असेल, छर्रे झिजले असतील, तर वाळू चुरडल्यासारखी बारीक खरखर लागते. कानांच्या आधी बोटांना कळते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता सायकलवरून थेट डॅट्सन २४० झेडवर उडी मारू. ही जपानी स्पोर्ट्स कार १९६९ मध्ये आली. लांबलचक नाक, सहा सिलिंडरचं २.४ लिटरचं इंजिन, दोनच सीटा. १९७३ साली आफ्रिकेतली ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली हिच्यातच जिंकली गेली. जिंकणारे होते शेखर मेहता, युगांडात जन्मलेले, भारतीय वंशाचे. दुसऱ्या आलेल्या हॅरी शेलस्ट्रॉम यांचे दंडगुण अगदी तेवढेच होते! पण मेहता दंडाशिवाय जास्त अंतर गेले होते, म्हणून ते पहिले. अशा गाड्या आजही हौशी लोक जिवापाड जपतात. आणि जपतात म्हणजे बऱ्याचदा शेडमध्ये उभ्या ठेवतात. तिथेच गडबड होते. बेअरिंगला नुसतं उभं राहणं मानवत नाही. ग्रीस सुकतं, ओल शिरते, गोळ्यांच्या वाटेवर गंज धरतो.

मग एके दिवशी गाडी रस्त्यावर निघते आणि मागून घूंऽऽ असा आवाज येतो. वेग वाढला की तोही चढतो. लगेच बेअरिंगवर आळ घ्यायचा का? थांबा. आधी रस्ता बदलून पाहा. डांबर सोडून सिमेंटवर गेल्याबरोबर आवाजाचा सूर बदलला, तर संशय टायरवर. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की बदलत असेल, तर डिफरन्शियलवर. गाडी सुटताना एकदाच 'खट्' होत असेल, तर ॲक्सलच्या सांध्यांवर. आणि क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू दिली, इंजिन शांत झालं तरी घूंऽऽ चालूच, तर मग बेअरिंग. कुठल्या बाजूचं? मोकळ्या रस्त्यावर हलकेच डावीकडे वळा. भार उजव्या चाकांवर जातो. आवाज वाढला तर उजवं. (हे अर्थात परवाना असलेल्या मोठ्या माणसाने करायचं. तुम्ही शेजारी बसून कान द्या.)

आता गाडी वर. पुढच्या चाकांना दगड लावा, जॅकने उचला आणि खाली भक्कम स्टँड द्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालणारा मेकॅनिक कितीही हुशार असला तरी मी त्याला हुशार म्हणणार नाही. चाक वर-खाली धरून हलवा. खटखट झाली तर दुसऱ्याला मागून बघायला सांगा. चाकाबरोबर त्याचं घरही हलत असेल, तर दोष सस्पेन्शनच्या बुशचा. घर स्थिर आणि चाकच हलतंय, तर बेअरिंग गेलं. खटखट नसेल तर सायकलची युक्ती करा. सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर हात ठेवून चाक फिरवा. ती स्प्रिंग आतली खरखर हातापर्यंत आणून सोडते.

उघडायचं काम दांडगं आहे. चाक, ब्रेकचा ड्रम, हाफ शाफ्ट काढला की मोठा नट दिसतो. त्याची कड ठोकून खाचेत बसवलेली असते, ती छिन्नीने आधी उचलायची. मग नट आट्यांच्या टोकाशी ठेवून त्यावर ठोके, म्हणजे आटे चेपत नाहीत. बाहेरचं बेअरिंग ॲक्सलबरोबर येतं, ते पुलरने ओढतात. आतलं ठोकून काढतात. जुनं बेअरिंग फेकू नका! धुऊन फिरवा. कड्यावर सुई टोचल्यासारखे खड्डे दिसतील. घूंऽऽ तिथूनच येत होतं.

दोन बेअरिंगांच्या मध्ये एक नळीसारखा स्पेसर असतो. त्यावर ए, बी किंवा सी असं अक्षर असतं आणि बेअरिंगच्या घरावरही. दोन्ही जुळायलाच हवीत, कारण लांबी किंचित वेगळी असते. दोन्ही बाजू एकदम उघडून स्पेसर एकाच डब्यात टाकले की झाली अदलाबदल. बाहेरची कडी घरातल्या पायऱ्यांवर टेकतात, आतली कडी स्पेसरवर. स्पेसर आखूड पडला तर नट आवळताना गोळ्या चिरडल्यासारख्या दाबल्या जातात आणि नवं कोरं बेअरिंग तापून जातं. लांब पडला तर चाक डुगडुगतं.

आणखी एक. बेअरिंग घरात बसवताना बाहेरच्या कड्यावरच दाब द्यायचा. आतल्या कड्यावर हातोडी मारली की धक्का गोळ्यांतून जातो, कड्यावर खोचा पडतात आणि गाडी सुटायच्या आधीच आवाजाची सोय होते.

बोटाने दाबून ग्रीस भरा, सील नवं घाला, नटही नवाच. तो २५ ते ३३ किलोग्रॅम-मीटर आवळायचा. म्हणजे मीटरभर लांब दांडीच्या टोकाला तुमच्यापैकी एखाद्याने लोंबकळायचं! तो सैल राहिला तर तिथे चाकच बेभरवशाचं होतं, म्हणून आवळून झाल्यावर त्याची कड पुन्हा खाचेत ठोकायची. मग चाक फिरवा आणि स्प्रिंगवर हात ठेवा.

तुमच्या सायकलच्या चिमट्यावर बोटांना काय लागलं, ते मला पोस्टकार्डावर कळवा. खरखर लागली असेल तर छर्रे मोजून काढा, हरवू नका.