चोर सोडून संन्याशाला सुळी

'विज्ञान : शाप की वरदान?' हा आपल्या वक्तृत्व स्पर्धांचा लाडका विषय. दोन्ही बाजूंना टाळ्या मिळतात, ढाल कोणीतरी घरी नेतो आणि प्रश्न जागच्या जागी राहतो. मला वाटते, प्रश्नच थोडा वेगळा विचारायला हवा. माणसाने घडवलेल्या यंत्रात माणसाची चूक राहणारच. पण ती चूक करतो कोण, ठाऊक असूनही गप्प बसतो कोण आणि तिची शिक्षा भोगतो कोण? २०१७ साली 'विंडोज' या संगणक प्रणालीतील एका चुकीने जगभर जो हाहाकार उडवला, त्याची हकिगत वाचताना या तीन प्रश्नांची तीन निरनिराळी उत्तरे हाती येतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

कला शाखेच्या मुलीने या भानगडीत का पडावे, असे कोणी म्हणेल. माझे वडील बाजार समितीत मापाडी आहेत आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझा जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, आजोबांचा सातबारा हे सारे आज संगणकाच्याच पोटातून बाहेर येते. ज्यावर आपले शिक्षण आणि भाकरी अवलंबून आहे, ते कसे चालते व कसे बिघडते हे समजून घ्यायला शाखा आड येऊ नये.

प्रथम ती चूक पाहू. संगणकाची स्मृती म्हणजे ओळीने खोल्या असलेले एक अवाढव्य कोठार. बाहेरून माहिती आली, की ती किती आहे ते पाहून तिच्यापुरती जागा राखायची आणि तेवढीच तिथे भरायची, हा साधा नियम. समजा, वहीत १०,००० पोत्यांची नोंद आहे. मोजल्यावर धड पोती ९,९६५ भरली. नोंद सुधारताना दिवाणजीने शेवटची चार घरे तेवढी खोडली आणि तिथे ९९६५ लिहिले. आरंभीचा १ तसाच राहिला! वही सांगू लागली, पोती १९,९६५. जागा मात्र राखली होती ९,९६५ पोत्यांचीच. हमाल बिचारा वहीबरहुकूम पोती टाकत गेला आणि माल भिंत ओलांडून शेजारच्या खोलीत शिरला.

विंडोजच्या ज्या भागातून एक संगणक दुसऱ्याशी फायलींची देवाणघेवाण करतो, तिथे नेमके हेच झाले होते. चार बाइटांचा आकडा दुरुस्त करताना दोनच बाइट बदलले जात होते. कोठारात पोती सांडली तर धान्याची नासाडी होते. संगणकाच्या शेजारच्या खोलीत मात्र यंत्राने पुढे काय करायचे याच्या खुणा असू शकतात. कोणी हेतुपुरस्सर बेतलेला मजकूर तिथे नेऊन टाकला, तर यंत्र त्या परक्याच्या हुकमाने चालू लागते. बांध कोरता कोरता शेजाऱ्याने आपल्या सातबाऱ्यावर स्वतःचेच नाव चढवावे, तसा हा प्रकार!

ही चूक एखाद्या वेंधळ्या कारागिराची म्हणून सोडून देता येत नाही. विंडोजचा गाभा मुख्यतः ज्या 'सी' भाषेत लिहिला गेला, ती डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी घडवली. ती वेगवान आहे, पण राखलेली जागा संपली की नाही, हे ती आपणहून तपासत नाही. तो भार लिहिणाऱ्यावर. अशी तपासणी प्रत्येक वेळी व्हावी, हे टोनी होअर या संगणकशास्त्रज्ञाने १९८० सालच्या आपल्या ट्युरिंग पारितोषिकाच्या भाषणातच आग्रहाने मांडले होते. तरीही २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच एका अभियंत्याने जाहीर केले, की कंपनी दरवर्षी जे सुरक्षादोष दुरुस्त करते, त्यांपैकी सुमारे ७० टक्के स्मृतीच्या अशाच गैरव्यवहाराचे असतात. चूक हाताची कमी आणि रीतीची अधिक, असेच म्हणावे लागते.

आता दुसरा प्रश्न. गप्प कोण बसले? अमेरिकेच्या 'नॅशनल सिक्युरिटी एजन्सी' या हेरसंस्थेला हे छिद्र सापडले होते. 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या वृत्तानुसार तिने ते पाच वर्षांहून अधिक काळ हेरगिरीसाठी वापरले. 'इटर्नल ब्लू' हे त्या हत्याराचे नाव. आपल्याच देशातल्या दवाखान्यांची, शाळांची दारे त्याच छिद्रामुळे उघडी आहेत, हे काय त्या संस्थेला ठाऊक नव्हते? पुढे हत्यार हातचे निसटले. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती प्रसिद्ध केली आणि १४ एप्रिलला 'शॅडो ब्रोकर्स' नावाच्या टोळीने ते हत्यार जगापुढे उघड्यावर टाकले.

१२ मे २०१७, शुक्रवार. 'वॉनाक्राय' नावाचा प्रोग्रॅम त्याच छिद्रातून संगणकामागून संगणक व्यापत निघाला. कोणी काही उघडावे, कळ दाबावी, याचीही गरज नव्हती. फायलींना कुलपे लागली आणि पडद्यावर ३०० डॉलरच्या खंडणीची मागणी झळकली. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ पैकी निदान ८१ विभागांना त्याची झळ पोहोचली. ६,९१२ रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्याची नोंद सापडली. प्रत्यक्ष आकडा १९,००० हून अधिक असावा, असा अंदाज तिथल्या सरकारी लेखापरीक्षणाने वर्तवला. त्या रांगेतल्या कोणा म्हातारीने सी भाषेत एक ओळ तरी लिहिली होती का? तिने कोणावर हेरगिरी केली होती का? सहाच आठवड्यांनी, २७ जूनला, 'नॉटपेट्या' नावाच्या दुसऱ्या हल्ल्यातही हेच छिद्र वापरले गेले. तो युक्रेनमध्ये सुरू झाला आणि आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरातील एका टर्मिनलचे काम त्याने कोलमडून टाकले. दूर देशातली एक चुकलेली बेरीज रायगडच्या किनाऱ्याला येऊन धडकली!

यावर एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. दुरुस्ती दोन महिने आधी उपलब्ध होती. ज्यांनी ती बसवली नाही, दोष त्यांचा. खरे आहे. त्या आरोग्यसेवेतील कार्यालयांना मार्च-एप्रिलमध्ये सूचनाही गेल्या होत्या, आणि बाधित झालेले बहुतेक संगणक दुरुस्ती मिळू शकणारेच होते. पण दुरुस्ती प्रसिद्ध होणे वेगळे आणि ती शेवटच्या टेबलापर्यंत पोहोचणे वेगळे. शासनाचे परिपत्रक निघाले म्हणून गावात नळाला पाणी येत नाही. शिवाय जुन्या 'विंडोज एक्सपी'ची दुरुस्ती खास करार करून पैसे भरणाऱ्यांपुरतीच होती. ती सर्वांना खुली झाली, तोवर घराला आग लागून चुकली होती.

आपल्याकडचे चित्र पाहा. तालुक्याच्या ज्या केंद्रात आम्ही अर्ज भरतो, तिथला संगणक कोणाच्या तरी कचेरीतून जुना म्हणून निघालेला. पडद्यावरची सूचना इंग्रजीत. ती 'नंतर' म्हणून बाजूला सारली जाते, कारण दारात चाळीस मुले उभी असतात आणि अर्जाची मुदत संध्याकाळी संपत असते. त्या चालकाला दोष देणे मला जमत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० च्या नियमित मोफत दुरुस्त्याही थांबल्या. काही अटींवर वर्षभराची मुदत ठेवली गेली. पण पुढची आवृत्ती अनेक जुन्या यंत्रांवर चढतच नाही. नवे यंत्र घेण्याची ऐपत नसणे हा गुन्हा आहे काय?

माझ्या वडिलांच्या काट्यावर सरकारी शिक्का लागतो. काटा ठरल्या मुदतीत तपासून घ्यावा लागतो. वजनात खोट निघाली तर त्यांना भर बाजारात जाब द्यावा लागतो. 'काटा घेताना तुम्ही अटी मान्य केल्या होत्या' असे शेतकऱ्याला सांगून सुटता येत नाही. मग ज्या यंत्राच्या मापावर कोट्यवधी माणसांचे दाखले, औषधे आणि पगार उभे आहेत, त्याच्या कर्त्यांना हा न्याय का नसावा? युरोपीय संघाने २०२४ मध्ये याच दिशेचा कायदा केला. त्याची मुख्य कलमे डिसेंबर २०२७ पासून लागू व्हायची आहेत. आपणही इतके तरी मागावे : छिद्र ज्याला सापडेल त्याने ते शस्त्र म्हणून लपवू नये, यंत्र वापरात आहे तोवर त्याची सुरक्षेची दुरुस्ती मोफत मिळावी आणि तिची सूचना वापरणाऱ्याच्या भाषेत यावी.

ही शेवटची मागणी तर आम्हा भाषा शिकणाऱ्यांच्याच पदरात पडते. संगणकाचे धोके साध्या मराठीत सांगण्याचे काम शास्त्र शाखेवर सोपवून आपण कवितांच्या वह्या भरत बसावे, हे मला पटत नाही. मापात पाप झाले की ओरडायचे, हे मापाड्याच्या घरात लहानपणापासून शिकवतात. ओरडण्याइतकी भाषा आता कॉलेजने दिली आहे.

(द्वितीय वर्ष बी. ए.)