आयर्न मॅन मेला, मग डॉक्टर डूम कोण? सुपरहिरोंच्या गोष्टींचा हिशोब नेमका ठेवतं कोण?

नाशिक : १९१७ साली दादासाहेब फाळके यांचा ‘लंका दहन’ पडद्यावर आला तेव्हा राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकाच नटाने केल्या होत्या. त्यांचं नाव अण्णा साळुंके. रामही तेच, सीताही तेच. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या आणि ‘राजा हरिश्चंद्र’नंतर आपलं बस्तान नाशिकला हलवलेल्या फाळकेंचा हा सिनेमा तुफान चालला. राम आणि सीता एकसारखे दिसतात म्हणून काही अडलं नाही.

आता शंभरहून अधिक वर्षांनंतरचं चित्र बघा. जुलै २०२४ मध्ये मार्व्हलने जाहीर केलं की ‘अ‍ॅव्हेंजर्स : डूम्सडे’मध्ये डॉक्टर डूम या खलनायकाची भूमिका रॉबर्ट डाऊनी ज्युनिअर करणार. सिनेमाची तारीख आहे १८ डिसेंबर २०२६. पण घोषणा झाली त्या दिवसापासून चाहत्यांचा एकच प्रश्न आहे : डाऊनी म्हणजे आयर्न मॅन. आयर्न मॅन २०१९ च्या ‘एंडगेम’मध्ये मेला. मग तोच चेहरा डूमचा कसा? हा दुसऱ्या विश्वातला टोनी स्टार्क आहे का? की नट तेवढा तोच आहे आणि पात्राशी त्याचा काही संबंध नाही?

म्हटलं तर हा रिकामपणचा प्रश्न आहे. पण तो कुठून आला हे बघितलं की लक्षात येतं, प्रेक्षकाला अशी चौकशी करायला कंपन्यांनीच शिकवलंय.

कंटिन्युइटी म्हणजे काय?

आधीच्या गोष्टीत जे घडलं ते पुढच्या गोष्टीतही खरं धरायचं, ही साधी अट म्हणजे कंटिन्युइटी. रोजची मालिका बघणाऱ्या घरात ती सगळ्यांना ठाऊक असते. सासूचा अपघात झाला होता तर आज ती जिना कशी चढते, हा प्रश्न विचारणारी आजी कंटिन्युइटीच तपासत असते.

सुरुवातीच्या सुपरहिरो कॉमिक्समध्ये ही अट फारशी नव्हती. सुपरमॅन १९३८ चा, बॅटमॅन १९३९ चा. गोष्ट सुरू व्हायची, गुंड पकडला जायचा, गोष्ट संपायची. पुढच्या अंकात पाटी कोरी. वाचक शाळकरी मुलं, ती दोन-चार वर्षांत मोठी होऊन वाचणं सोडणार, नवी मुलं येणार, असा धंद्याचा सरळ हिशोब होता.

१९६१ पासून मार्व्हलने तो बदलला. ‘फँटॅस्टिक फोर’, मग हल्क, स्पायडरमॅन, आयर्न मॅन, सगळे एकाच जगात राहतात, एकमेकांना ओळखतात, एका अंकातलं भांडण दुसऱ्याच्या अंकात पुढे चालतं. म्हणजे पूर्ण गोष्ट कळायची तर सगळेच अंक घ्या! कल्पना झकास होती, पण इतक्या मालिकांचं लेखन बरंचसं एकट्या स्टॅन ली यांच्याकडे. चुका होणारच. एकदा त्यांनी हल्कच्या खऱ्या नावाचाच घोळ घातला. ब्रूस बॅनरचा ‘बॉब बॅनर’ झाला. वाचकांनी पत्रं लिहिली. तेव्हा ली यांनी जाहीर करून टाकलं की त्याचं पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर आहे. आजही तेच अधिकृत नाव आहे. एका विसरभोळेपणामुळे मिळालेलं!

पुढे मार्व्हलने यातूनच खेळ काढला. चूक दाखवून न थांबता ती चूक कशी नव्हतीच, हे पटवून देणाऱ्या वाचकाला ‘नो-प्राइझ’ मिळायचं. घरी मार्व्हलचं पाकीट यायचं आणि उघडलं की आत काहीच नसायचं. बक्षीस नाही, हेच बक्षीस. लोक ती रिकामी पाकिटं जपून ठेवायचे.

यात गंमत आहे तशी मेहनतही आहे. गोष्टीतली भोकं बुजवायचं काम वाचक फुकट करत होते. त्यातलाच एक मार्क ग्रुएनवाल्ड. सत्तरच्या दशकात त्याने फक्त कंटिन्युइटी या विषयावर स्वतःचं छोटेखानी नियतकालिक काढलं. १९७८ मध्ये मार्व्हलने त्याला नोकरीवर घेतलं आणि १९८२ मध्ये त्याच्या पुढाकाराने मार्व्हलच्या पात्रांची अधिकृत माहितीपुस्तिका निघाली. चाहता होता तोच चित्रगुप्त झाला.

पण वयाचं काय करायचं?

सगळ्यात अवघड गणित हे आहे. पीटर पार्करला १९६२ मध्ये कोळी चावला तेव्हा तो १५ वर्षांचा होता. तो खराखुरा वाढला असता तर आज ऐंशीच्या उंबरठ्यावर असता. तो वाढलाच नाही असंही नाही. शाळा संपली, कॉलेज झालं, १९८७ मध्ये मेरी जेनशी लग्न झालं. मग संपादकांना वाटलं की लग्न झालेला स्पायडरमॅन फार पोक्त वाटतो. २००७ मध्ये एका कथेत त्याने काकूचा जीव वाचवण्यासाठी मेफिस्टो नावाच्या सैतानाशी सौदा केला आणि ते लग्न इतिहासातूनच पुसलं गेलं. घटस्फोट नाही, वैधव्य नाही. लग्न झालंच नव्हतं! वीस वर्षं ती गोष्ट वाचलेल्यांना काय वाटलं असेल? तो राग अजून पुरता शमलेला नाही.

एरवी मार्व्हल सरकत्या काळाचा उपाय वापरतं. पहिल्या गोष्टीपासून आजपर्यंत साधारण दहा-पंधरा वर्षंच झाली असं धरायचं, आणि वर्तमान जसं पुढे जाईल तशी सुरुवातही पुढे ओढायची. यात अडचण येते ती खऱ्या इतिहासाची. टोनी स्टार्क १९६३ च्या कथेत व्हिएतनाममध्ये जखमी झाला होता. तो आज तरुण दाखवायचा तर व्हिएतनाम चालत नाही. मग ते अफगाणिस्तान झालं. तेही जुनं होणारच, म्हणून २०१९ मध्ये मार्व्हलने सियानकाँग या काल्पनिक आशियाई देशातलं एक युद्धच रचलं. ते कधी झालं याची तारीख नाही. जुन्या पात्रांचा व्हिएतनामशी जो काही संबंध होता तो या युद्धाला जोडून टाकला. सोय म्हणून हे उत्तम आहे. पण ज्या लढाईत खरी माणसं मेली तिच्या जागी तारीख नसलेली लढाई आली, हेही खरं.

डीसीने दुसरी वाट धरली. १९६१ मधल्या एका कथेत नव्या फ्लॅशला जुना फ्लॅश भेटतो आणि कळतं की तो दुसऱ्याच पृथ्वीवर राहतो. गाजलेली कथा, पण त्यानंतर पृथ्व्यांची संख्या वाढतच गेली. शेवटी १९८५-८६ मध्ये मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी १२ अंकांच्या कथेत सगळी विश्वं मोडून एकच ठेवलं. त्यात सुपरगर्ल मेली, फ्लॅश मेला. झाला का घोळ संपला? नाही. १९९४ मध्ये पुन्हा डागडुजी, २००५ मध्ये पुन्हा मोठं संकट, २०११ मध्ये ५२ मालिका एकदम पहिल्या अंकापासून, २०१६ मध्ये जुन्यातलं बरंचसं परत. पाटी पुसण्याचा एक फायदा उघड आहे : पहिला अंक नेहमी जास्त खपतो. आणि पुसलेलं परत येतं, कारण नवे लेखक हे जुने वाचकच असतात. लहानपणी आवडलेलं त्यांना सोडवत नाही.

मराठी वाचकाने हे आधी पाहिलंय

‘इंद्रजाल कॉमिक्स’ मार्च १९६४ मध्ये मुंबईतून टाइम्स समूहाने सुरू केलं आणि ते १९९० पर्यंत चाललं. मराठीतही ते निघायचं आणि त्यातला वेताळ, म्हणजे ली फॉक यांचा फँटम, दोन पिढ्यांना पाठ होता. वयाच्या प्रश्नावर सुपरहिरोंच्या दुनियेतलं सगळ्यात हुशार उत्तर या वेताळाकडे आहे. वेताळ अमर नाही. १५३६ पासून बापाच्या जागी मुलगा येतो, मुखवटा तोच राहतो, आणि लोकांना वाटतं हा मरतच नाही. आपण वाचतो तो एकविसावा.

पण बघा, १९३६ मध्ये मालिका सुरू झाली तेव्हाही तो एकविसावाच होता. नव्वद वर्षं झाली, बाविसावा काही गादीवर आला नाही. १९७७ मध्ये डायनाशी लग्न झालं, १९७९ मध्ये किट आणि हेलोईज ही जुळी झाली, आणि मग तीही वर्षानुवर्षं लहानच राहिली. वारसाची सोय कथेतच करून ठेवलेला हा नायक, त्यालाही निवृत्त करायची कुणाची हिंमत झाली नाही.

वेताळाचं जंगलही जागेवर राहिलं नाही. सुरुवातीच्या गोष्टींत ते आशियात, भारताच्या आसपास कुठेतरी होतं. नंतर ते आफ्रिकेत गेलं. वाघ मात्र काही काळ तिथेच फिरत राहिले. भारतीय आवृत्तीत आणखी एक घडी पडली. मूळच्या ‘बंगाला’चं नाव बंगालशी जुळतं म्हणून असेल, इंद्रजालने ते ‘डेंकाली’ केलं. ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ झाले. त्यामुळे इंद्रजालवर वाढलेला मराठी वाचक आज इंग्रजी फँटम हातात घेतो तेव्हा त्याला सगळं ओळखीचं आणि तरी चुकलेलं वाटतं. दोन्हींपैकी खरं कोणतं? त्याच्यासाठी तरी डेंकालीच.

सरकता काळही आपल्याला नवा नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ मध्ये सुरू झाला. त्याच्या आजूबाजूचं जग बदललं, चिंटूची शाळा काही सुटली नाही. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे वीस पुस्तकं झाली तरी सायकलवरच. त्याला २०१७ च्या सिनेमात अमेय वाघने मोठा केला, वैद्यकीय प्रवेश परीक्षेला बसवला, आणि वर भागवतांनाच पात्र करून आणलं, दिलीप प्रभावळकरांच्या रूपात. चड्डीतल्या बनेशवर वाढलेल्यांना हे जड गेलं असेल, पण शाळा एकदाची सुटली!

मग अधिकृत कोण ठरवणार?

२०२३ चा ‘स्पायडरमॅन : अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात दहा भाषांत आला, त्यात मराठीही होती. त्यात २००४ च्या भारतीय कॉमिक्समधला, मुंबईचा पवित्र प्रभाकर मोठ्या पडद्यावर दिसला. सिनेमाचा सगळा झगडाच यावर आहे की प्रत्येक स्पायडरमॅनच्या आयुष्यात काही घटना घडल्याच पाहिजेत, नाहीतर त्याचं विश्व कोसळेल. कंटिन्युइटीचा रखवालदार तिथे खलनायकासारखा वागतो. चाहत्यांना टाळ्या वाजवायला लावून चाहत्यांनाच चिमटा काढलाय.

एका नायकाच्या अनेक कथा नाशिककरांना परक्या नाहीत. हनुमानाचा जन्म नाशिकजवळच्या अंजनेरीचा, कर्नाटकातल्या किष्किंधेचा की तिरुमलाचा, यावर ३१ मे २०२२ रोजी नाशिकमध्ये शास्त्रार्थ भरला होता. सुरुवातच कुणी कुठे बसायचं या वादाने झाली आणि निर्णय लागला नाही. श्रद्धेची गोष्ट कॉमिक्सपेक्षा वेगळी, तिची बरोबरी करायचं कारण नाही. पण एक फरक डोळ्यात भरतो. त्या कथांना मालक नाही. प्रत्येक ठिकाणचे लोक आपली कथा सांगत राहतात आणि कुणीही दुसऱ्याची रद्द करू शकत नाही. सुपरहिरोंना मालक आहे. एखादं लग्न, एखादा मृत्यू, एखादी पृथ्वी आजपासून नव्हतीच, असं तो एका बैठकीत ठरवू शकतो.

हा अधिकार मात्र मुदतीचा आहे. अमेरिकी कायद्यानुसार त्या काळातल्या प्रकाशनांचे हक्क ९५ वर्षं चालतात. म्हणजे १९३८ चा सुपरमॅन १ जानेवारी २०३४ रोजी तिथे खुला होईल, बॅटमॅन त्यानंतर वर्षभराने. नावावरचा आणि चिन्हावरचा व्यापारी हक्क तरीही कंपनीकडे राहील. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. भागवत २००१ मध्ये गेले, तेव्हा फास्टर फेणेला अजून बराच वेळ आहे.

सुपरमॅनच्या बाबतीत एक मेख आहे. खुला होणार तो फक्त १९३८ चा सुपरमॅन. त्याला उडता येत नव्हतं, तो नुसत्या लांब उड्या मारायचा. क्रिप्टोनाइटही तेव्हा नव्हतं, ते चाळीसच्या दशकात आलं. पुढची एकेक गोष्ट आपापल्या सालाप्रमाणे मोकळी होत जाईल. म्हणजे २०३४ मध्ये कुणाला मराठीत सुपरमॅन काढायचा झाला तर आधी हे तपासावं लागेल की तो कोणत्या साली नेमका काय करू शकत होता. आणि त्या नोंदी सगळ्यात बारकाईने ठेवल्यात त्या जुन्या अंकांच्या चाहत्यांनी.