घरच्या खुराड्याची नोंद कोण घेणार?

ठाण्याहून भिवंडीकडे जाताना कशेळीचा पूल ओलांडला की काही अंतरावर काल्हेर लागते. खाडीकाठच्या या गावाचा चेहरा गेल्या दोन दशकांत पार बदलला. भातखाचरांच्या जागी गोदामे आली, गोदामांच्या शेजारी गृहसंकुलांचे टॉवर उभे राहिले. काल्हेरसह भिवंडी परिसरातील गावांचे नियोजन २००७ पासून एमएमआरडीएकडे आहे आणि ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या नकाशावर काल्हेर हे स्थानक आहे. या नकाशांत गोदामाला, रस्त्याला, इमारतीला जागा आहे. घरामागच्या खुराड्याला मात्र नाही. नकाशात नसणे एकवेळ समजू शकते, पण पशुसंवर्धनाच्या दप्तरातही त्याची दखल नसावी, हे अधिक गंभीर आहे. कारण अस्सल देशी कोंबड्यांचे वंश आज बव्हंशी अशाच घरगुती खुराड्यांत टिकून आहेत.

परसातील कुक्कुटपालन हा मागे पडलेला व्यवसाय आहे, असा शहरी वाचकाचा समज असतो. आकडे वेगळे सांगतात. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशातील ८५ कोटींहून अधिक कोंबड्या व तत्सम पक्ष्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातले होते. २०१२ च्या तुलनेत ही संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली, तर व्यावसायिक फार्मवरील पक्ष्यांची वाढ पाच टक्क्यांच्या आत राहिली. मात्र परसातील सर्वच पक्षी शुद्ध जातीचे नसतात. त्यात सरकारी योजनांतून वाटलेल्या वनराजा, गिरिराजासारख्या सुधारित कोंबड्या असतात, तसेच कुळ सांगता न येणारे गावठी पक्षीही असतात. असील, कडकनाथ किंवा नंदुरबार-धुळे पट्ट्यातील बुसरा यांचे शुद्ध वंश जपणारे थोडेच.

शुद्धतेचा हा आग्रह केवळ हौसेचा नाही. हॅचरीतून येणारे पिल्लू अनेक निवडक वंशांच्या संकरातून तयार झालेले असते. त्याचे गुण पुढच्या पिढीत तसेच्या तसे उतरत नाहीत, म्हणून पाळणाऱ्याला प्रत्येक वेळी पुन्हा हॅचरीच्या दारात जावे लागते. शुद्ध जातीची कोंबडी आपल्यासारखीच पिढी देते. शेतकऱ्याच्या घरच्या बियाण्यात आणि संकरित बियाण्यात जो फरक, तोच येथे आहे. शिवाय गायी-म्हशींचे भ्रूण गोठवून ठेवता येतात, तसे कोंबडीचे अंडे गोठवून जपता येत नाही. एखाद्या जातीची खरी पेढी म्हणजे तिचा जिवंत कळप.

हा कळप घरी वाढविणे वरकरणी सोपे वाटते. खुडूक कोंबडी रवणाला बसविली की एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात. परंतु कडकनाथची मादी क्वचितच खुडूक होते. तेव्हा तिची अंडी गावठी कोंबडीखाली ठेवावी लागतात किंवा उबवणी यंत्र आणावे लागते. यंत्रात साडेसदतीस अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान सांभाळायचे, अठराव्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून अनेकदा फिरवायची आणि शेवटचे तीन दिवस ती न हलविता आर्द्रता वाढवायची. एवढे करून निघालेल्या पिल्लांतील निम्मी नर असतात आणि त्यातल्या एखाद-दुसऱ्यालाच पैदाशीसाठी ठेवता येते. बाकीच्यांची वाट स्वयंपाकघराकडेच जाते.

खरी अडचण पुढे आहे. एक कोंबडा आणि दहा कोंबड्या असा घरगुती कळप असेल, तर आनुवंशिक हिशेबात तो जेमतेम चार पक्ष्यांइतकाच ठरतो. कारण प्रत्येक पिल्लाचा बाप एकच. अशा बंदिस्त कळपात दर पिढीला अंतःप्रजनन सुमारे १४ टक्क्यांनी वाढते. काही पिढ्यांतच अंडी फळेनाशी होतात, पिल्ले अशक्त निपजतात. उपाय एकच, तो म्हणजे त्याच जातीचा, पण वेगळ्या घरातला कोंबडा आणणे. म्हणजेच वंशाची शुद्धता एका घरात टिकत नाही, ती टिकण्यासाठी अनेक घरांत देवघेव लागते. ही देवघेव आज ओळखीवर आणि तोंडी शब्दावर चालते. कडकनाथचा काळेपणा संकरित पिल्लांतही बऱ्याच अंशी उतरतो. त्यामुळे रंग पाहून शुद्धतेची खात्री देता येत नाही. खात्री देते ती वंशावळीची नोंद.

आणि जेथे पक्ष्यांची देवघेव, तेथे रोगाचीही वाट असते. देशात पाळीव कोंबड्यांमधील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला आणि लाखो पक्षी मारावे लागले. जानेवारी २०२१ मध्ये काल्हेरपासून खाडीपलीकडच्या ठाण्यात मेलेल्या बगळ्यांमध्ये हा रोग आढळला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे जिल्ह्यातीलच शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे सुमारे शंभर पक्षी दगावल्यानंतर एक किलोमीटर परिघातील सुमारे २५ हजार पक्षी नष्ट करण्याचा निर्णय झाला.

या कारवाईमागचे शास्त्र नाकारता येत नाही. माणसाच्या जीवाला धोका असताना खुराड्याबाबत हळवे होणे परवडणारे नाही. प्रश्न आहे तो नंतरचा. भरपाई ठरते ती पक्ष्याचा प्रकार आणि वय पाहून. वीस वर्षे जपलेल्या वंशाला त्यात वेगळी किंमत नाही. नवापूरचा परिसर हा बुसरा जातीचा मूळ प्रदेश आहे. महाराष्ट्राचे नाव ज्या नोंदणीकृत देशी जातीशी जोडलेले आहे, तिच्याच घरात पहिला मोठा घाला पडला, हा योगायोग धोरणकर्त्यांना विचारात पाडणारा ठरायला हवा होता.

अन्य देशांनी यावर काढलेला मार्ग पाहण्यासारखा आहे. युरोपीय संघाच्या नियमांत, दुर्मीळ जात म्हणून आधीच अधिकृत नोंद असलेल्या पक्ष्यांना, संसर्ग पसरणार नाही याची खबरदारी घेऊन, सरसकट कत्तलीतून वगळण्याची मुभा सक्षम अधिकाऱ्यांना आहे. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून परसात एक जरी कोंबडी असली तरी नोंदणी सक्तीची झाली. पूर्वी ही मर्यादा ५० पक्ष्यांची होती. पक्षी कोठे आहेत हे ठाऊक असल्याखेरीज रोगही आवरता येत नाही आणि जातही वाचविता येत नाही, हे त्यामागचे साधे तत्त्व.

आपल्याकडे धोरणाचा कल मोठ्या आकड्यांकडे आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात ग्रामीण कुक्कुटपालनासाठी २५ लाख रुपयांपर्यंत अनुदान आहे, पण त्यासाठी किमान एक हजार पैदाशी कोंबड्या हव्यात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वे पाच हजारांहून कमी पक्षी असलेल्यांचा विचारच करीत नाहीत. दहा-वीस कोंबड्यांचा पालक लाभालाही पात्र नाही आणि शिस्तीलाही बांधील नाही. ही पोकळी कोण भरतो, हे २०१९ मध्ये दिसले. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथून चालविलेल्या कडकनाथ योजनेत अंडी आणि पक्षी परत विकत घेण्याच्या आश्वासनावर अनेकांनी पैसे गुंतविले आणि शेवटी फसवणुकीचे गुन्हे दाखल झाले. जातीच्या नावाला बाजारात भाव होता. ते नाव तपासणारी यंत्रणा नव्हती.

अर्थात, काल्हेरसारख्या दाटीच्या गावात शेजाऱ्यांचे आक्षेपही रास्त आहेत. पैदाशीसाठी कोंबडा हवा आणि कोंबडा पहाटे आरवणारच. विष्ठेची दुर्गंधी आणि माश्या या तक्रारी खोट्या नसतात. म्हणूनच सरसकट बंदी किंवा सरसकट मोकळीक यांच्या मधला मार्ग हवा. ग्रामपंचायत आणि पशुवैद्यकीय दवाखाना यांनी मिळून एक साधी वही ठेवावी. तीत पालकाचे नाव, जात, पक्ष्यांची संख्या, कोंबडा कोणाकडून आणला आणि लसीकरण केव्हा झाले, एवढे लिहिले तरी पुरे. मानमोडीची लस शेकडो मात्रांच्या कुपीत येते आणि विरघळविल्यानंतर थोड्या तासांतच संपवावी लागते. वीस पिल्लांच्या मालकाला ती एकट्याने परवडत नाही. नोंद असेल तर महिन्यातला एक दिवस ठरवून सर्वांचे लसीकरण एकत्र होऊ शकते. गोरेगावच्या आरे वसाहतीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे. शास्त्रीय मार्गदर्शनासाठी मुंबई महानगरातील पालकांना दूर जाण्याचीही गरज नाही.

यासाठी मोठा निधी नको, नवा कायदाही नको. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांचा २००९ चा कायदा रोगाची खबर देण्याची जबाबदारी पालकावर टाकतोच. पण ज्याचे अस्तित्वच सरकारी कागदावर नाही, तो खबर देण्यापेक्षा मेलेले पक्षी गुपचूप पुरणे पसंत करण्याचा संभव अधिक. त्याला सरकारी वहीत स्थान मिळाले, तर रोगाची पहिली खबर तोच देईल आणि जातीचा शेवटचा राखणदारही तोच ठरेल.