खुर्ची देताना माप घ्या

मालव्यातल्या लोहारद्यात मी ब्लाउज शिवते. दंड, छाती, मुंढा मोजल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही, तरी निम्म्या बायका "काखेत जरा धरतंय गं" म्हणत परत येतात. मग उसवायचं, पुन्हा शिवायचं. माझी नवी व्हीलचेअर साधनवाटपाच्या शिबिरात मिळाली तेव्हा मात्र टेप कुणाच्याच हातात नव्हता. नाव पुकारलं, फोटो काढला, पुढचा नंबर.

खुर्ची अठरा इंच रुंद. माझ्यासारख्या किरकोळ अंगाच्या बाईच्या दोन्ही बाजूंना मूठ जाईल एवढी ऐसपैस. बघणाऱ्याला वाटतं, बरं झालं, मोकळं बसता येईल. प्रत्यक्षात अंग एका कुशीला कलतं, चाक गाठायला हात फाकवावे लागतात आणि संध्याकाळी खांदे भरून येतात. मांडी आणि बाजूची पट्टी यांत बोटभर फट हवी. बैठकीची कड आणि गुडघ्याची लवण यांत दोन-तीन बोटं. पाय ठेवायची पट्टी फार वर असली की गुडघे उचलले जातात आणि सगळा भार बसायच्या हाडांवर येतो. फार खाली असली तर माणूस पुढे घसरत राहतो. माझी पट्टी गावातल्या सायकलवाल्यानं पान्यानं वर घेऊन दिली. मागची चोवीस इंची चाकं त्याच्या ओळखीचीच. पुढच्या छोट्या चाकांत पावसाळ्यात आमची काळी माती बसते, तिच्यापुढे त्यानंही हात टेकले.

घडीची ही खुर्ची 1933 सालची कल्पना. अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट यांचा कणा खाणीतल्या अपघातात मोडला होता. मोटारीत मावेल अशी खुर्ची त्यांनी आपले इंजिनिअर मित्र हॅरी जेनिंग्ज यांच्यासोबत तयार केली. घडी व्हायची म्हणून बैठक कापडाची, आणि कापड वापरानं झोळ धरतं. झोळात मांड्या आत ओढल्या जातात, कंबर वाकडी होते. ज्याला कमरेखाली समजतच नाही त्याला हे दुखत नाही, आणि घात तिथेच होतो. म्हणून जाड उशी, अधूनमधून पुढे वाकून भार हलका करणं आणि रात्री आरसा धरून पाठीमागची कातडी बघणं. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर बैठक चुकली आहे. नवी खुर्ची पहिल्या दिवसापासून दिवसभर वापरू नये, सवय वाढवत न्यावी. हे मला शिबिरात कुणी सांगितलं नाही.

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असं शेजारच्या काकू म्हणतात. पण ही गाय धर्माची नाही. ती आली केंद्राच्या एडिप योजनेतून. अपंगांना साधनं देणारी ही योजना 1981 पासून चालू आहे, तिचा पैसा करातून येतो. त्या योजनेत एकदा साधन मिळालं की मोठ्या माणसाला तीन वर्षं पुन्हा मागता येत नाही. म्हणजे चुकीचं मापही तीन वर्षांचं. साधनं कमी असलेल्या भागांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं 2008 साली व्हीलचेअरच्या कामाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांत तपासणी आहे, अंगाला बसवून पाहणं आहे, वापर शिकवणं आणि नंतरची देखभालही आहे. आमच्या शिबिरात वाटप तेवढं झालं.

माझं मागणं मोठं नाही. वाटपानंतर महिन्याभरानं तालुक्याच्या गावी एक जाणकार टेप, पाना आणि वेगवेगळ्या मापांच्या उशा घेऊन बसवा, आणि त्यानं सही केल्यावरच खुर्ची दिली असं धरा. अशी साधनं बनवणाऱ्या एलिम्को या सरकारी कंपनीचा कारखाना कानपूरला असला तरी तिचं एक केंद्र उज्जैनला आहे. मालव्यातला माणूस मालव्यातच पाठवता येईल. आणि येणाऱ्याला बसभाडं द्या, सोबत्यासकट दोघांचं. आमच्याकडच्या खाजगी बसमध्ये खुर्ची टपावर चढते आणि तिचे पैसे वेगळे मागतात.