वास गोठ्याचा, धूर गाड्यांचा. धुरकं मात्र दोघांचं

पौड (ता. मुळशी) : सूस, म्हाळुंगे, बावधन ही आपलीच गावं. 2021 मध्ये पुणे महापालिकेत गेली. जिथं गोठे होते तिथं टॉवर झाले. आता टॉवरवाले म्हणतात, शेजारच्या गोठ्याचा वास येतो. आपण म्हणतो, गोठा आधी होता, तुम्ही नंतर आलात. भांडण वासावर चालतं, पण खरी गोष्ट वासाच्या पुढची आहे.

जनावराच्या मुतात युरिया असतो. तो शेणात मिसळला की अमोनिया वायू सुटतो. बंद पोल्ट्रीत सकाळी शिरलं की डोळे चुरचुरतात, तो हाच. एकटा अमोनिया धुरकं करत नाही. हिंजवडीच्या रांगेत उभ्या गाड्यांच्या धुरातून हवेत आम्ल तयार होतं, त्याला अमोनिया चिकटतो आणि अतिबारीक कण बनतात. पीएम 2.5 म्हणतात त्यातलेच हे. थेट फुफ्फुसात जातात. थंडीत हवा हलत नाही, त्यात हे कण गारठ्यात जास्त टिकतात. मार्च 2014 मध्ये पॅरिसला अशाच धुरक्यामुळं एक दिवस सम-विषम नंबरच्या गाड्या सोडाव्या लागल्या. तिथं गाड्यांच्या धुराबरोबर शेतीचा अमोनियाही होता.

म्हणजे दोष एकट्या गोठ्याचा नाही. गाड्या नसत्या तर आपला अमोनिया एवढा नडला नसता. पण आपला हात नाहीच, असंही म्हणता येत नाही. आणि पिकाला वरून फेकलेला युरियाही हाच वायू सोडतो, हे विसरायचं नाही.

मला यात शहरापेक्षा आपलं नुकसान जास्त दिसतं. अमोनिया म्हणजे उडून गेलेलं नत्र. 45 किलोच्या युरियाच्या गोणीत 46 टक्के नत्र असतं, त्यासाठी आपण दुकानापुढं रांग लावतो. आणि घरचं नत्र उघड्या उकिरड्यावरून वाऱ्यावर सोडतो! मूत उतारानं वेगळं टाकीत घेतलं, उकिरडा झाकला, शेणखत किंवा गोबरगॅसची स्लरी शेतात टाकली की त्याच दिवशी मातीआड केली, तर बरंच वाचतं. पोल्ट्रीत तूस कोरडं ठेवायचं, एवढं.

पैशाचं काय? हवा सुधारायला केंद्रानं 2019 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आणला. त्यात पुणे आहे, निधी महापालिकेकडं जातो. त्यातून रस्ते झाडायची यंत्रं येतात. गोठ्यासाठी 2021 च्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत 77 हजार 188 रुपये धरले होते, त्यात मूत्रसंचय टाकीही होती. पण गावात फिरून बघा, किती गोठ्यांत ती टाकी वापरात दिसते?

नेदरलँडमध्ये नत्राच्या प्रदूषणावर 2019 मध्ये न्यायालयाचा निकाल आला. मग जनावरं कमी करायची भाषा सुरू झाली आणि शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले. आपल्याकडं अजून तशी नोटीस कुणाला आलेली ऐकली नाही. ती यायच्या आत ग्रामसभेत हा विषय आपणच घ्यावा, आणि टाकीचे पैसे शहराच्या हवेच्या निधीतून मागावेत.